नंबर आल्यावर मुहूर्त

साक्षगंधाच्या दिवशी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "बेटा, विषय किती रायले?"

मी पाटावर बसले होते. कपाळावरचं कुंकू ओलं, ओटीत नारळ, आणि समोर दोन्हीकडची मिळून पंचवीस-तीस माणसं. मुलीला गाणं येतं का, पुरणपोळी येते का, असले प्रश्न ऐकायची मी तयारी करून आले होते. विषयांची नव्हती.

"आठ," मी म्हणाले.

"आठ?" काळबांडे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोटांवर हिशेब केला. "दुसऱ्या वर्षाचे सहा. मंग हे दोन कोनते?"

"पहिल्या वर्षाचे मागे राहिलेत. केमिस्ट्री आणि फार्माकॉग्नोसी. ते हिवाळी परीक्षेत देणार आहे."

"हिवाळ्यात नाही. आठही उन्हाळ्यातच काढून टाक."

आठ विषय नव्हे, आठ दाढा असाव्यात अशा थाटात ते म्हणाले. आमच्याकडच्या काही बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझे बाबा घाईघाईनं म्हणाले, "काढते, काढते. पोरगी हुशार हाय."

मग सासूबाईंचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. मावशीच्या मुलीनं सकाळी हौसेनं माझी नखं लाल रंगवली होती. सासूबाईंनी माझा हात उलटा करून पाहिला, वांगी घेताना पाहतात तसा. "आमच्यात नखं नाही रंगवत बाप्पा," त्या म्हणाल्या.

मी कानकोंडी झाले. तेवढ्यात मामाजींनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी बाटली आणि कापसाचा बोळा काढला. नेलपॉलिश रिमूव्हर! सगळा मांडव हसला. कोणीतरी म्हणालं, "मेडिकलवाला मानूस हाय, खिशात दुकान घेऊनच फिरते." मीही हसले. भरमांडवात दहा नखं पुसून काढली. तो थंडगार उग्र वास नाकात असतानाच प्रफुलनं माझ्या बोटात अंगठी घातली. बाटली परत द्यायला गेले, तर मामाजी म्हणाले, "राहू दे तुह्यापाशी. माह्याकडे लय हायेत."

शेवटी भटजींनी पंचांग उघडलं. मामाजींनी त्या पंचांगावर आपला पंजा ठेवला. "महाराज, आता नाही. मुहूर्त नंबर आल्यावर."

हा नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझी ही गोष्ट कुणाला कळायची नाही. औषधाचं दुकान चालवायचं तर परवान्यासाठी नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. डी.फार्म. व्हा, प्रशिक्षण पुरं करा, मग कौन्सिलकडून नोंदणी क्रमांक येतो. तो नंबरवाला कागद दुकानाच्या भिंतीवर टांगायचा आणि तो माणूस काउंटरवर उभा पाहिजे, असा कायदा. आमच्या भागातली रीत मात्र निराळी. दुकान एकाचं, कागद दुसऱ्याचा. कागदवाला दूर कुठेतरी आपली नोकरी करतो आणि महिन्याच्या महिन्याला कागदाचं भाडं घेतो. हिवराळ्याच्या काळबांडे मेडिकलमध्ये वीस वर्षं कुण्या खंडारेचा कागद लटकत होता. त्या खंडारेला गावात कुणी पाहिलेला नव्हता. आता त्याला नागपूरला पक्की नोकरी लागली होती आणि दिवाळीनंतर कागद काढून घेतो, असं त्यानं कळवलं होतं.

मामाजी दहावी नापास, प्रफुल बी.ए. नापास. भाडं तरी किती वर्षं भरायचं? मग अशा घरांमध्ये एक तोड निघते. कागदवाला भाड्यानं आणण्यापेक्षा कागदवाली सून करून आणायची. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पंधरा मुली होत्या, त्यातल्या पाच जणींची लग्नं अशी मेडिकलमध्ये ठरलेली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण हे नागोबा बिळाला हळद लावून, वाजतगाजत घरी नेणारे होते.

हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. पण बाबा एसटीत कंडक्टर, पाठी धाकटी बहीण. स्वतःचं दुकान काढणं आमच्या सात पिढ्यांना शक्य नव्हतं. आणि मामाजींनी पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं, "दुकान काय, पोरीचंच हाय." मला ते वाक्य फार गोड लागलं. पांढरा कोट घालून मी काउंटरमागे उभी आहे, चिठ्ठी वाचते आहे, म्हाताऱ्या माणसाला गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगते आहे, हे चित्र मी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात प्रफुल कुठे उभा आहे हे बघायचं राहूनच गेलं. मला नवऱ्यापेक्षा काउंटर हवं होतं, हे आज स्पष्ट सांगते. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

तेव्हा मी आठही विषयांचा अर्ज भरला.

अमरावतीचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्यालाच आठ विषय म्हणजे काय ते कळेल. होस्टेलच्या कूलरला पाणी नसायचं. आम्ही मुली डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन वाचत बसायचो आणि पान उलटायच्या आत दुपट्टा वाळायचा. सकाळी दुसऱ्या वर्षाचे तास, दुपारी दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल, आणि ती सुटली की पहिल्या वर्षाच्या पोरांमध्ये बसून मागे राहिलेली प्रॅक्टिकल. ती पोरं मला "काकू" म्हणायची. फार्माकॉग्नोसीत वनस्पतींची चूर्णं वासावरून ओळखायची असतात. सोनामुखी, सुंठ, लवंग, ज्येष्ठमध. डोळे मिटून नाकाखाली पुडी धरायची आणि नाव सांगायचं. एकदा नापास झाल्यामुळे मी नाकाला अशी काही शिस्त लावली की मेसमध्ये भाजी यायच्या आधी फोडणीत काय राहिलंय ते सांगायची. केस गळाले, वजन उतरलं, बोलताना मध्येच औषधांची नावं तोंडात यायला लागली. आईला फोनवर "बरी आहे" म्हणायच्या जागी मी एकदा "दिवसातून दोनदा जेवणानंतर" म्हणाले होते.

प्रफुल दर आठवड्याला मोटारसायकलवर यायचा. होस्टेलच्या फाटकाशी उभा राहून सासूबाईंनी दिलेल्या शेवयांचा डबा पुढे करायचा. दिसायला नीट, बोलायला मऊ. पण बोलणं काय? "बाबांनी इचारलं, टॉक्सिकॉलॉजी झाली काय?" पुढच्या वेळी, "बाबा म्हणत होते, केमिस्ट्रीकडे ध्यान दे." लग्न झालेल्या पोरीला कितवा महिना लागला म्हणून विचारतात, तसं त्या घरात माझ्या विषयांची चौकशी चालायची.

मी एकदा विचारलं, "प्रफुल, तुम्हाला स्वतःला काही विचारायचं नाही का?"

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "नापास तं नाही होशीन न?"

फार्मसीचा कायदा शिकवायला गुल्हाने सर होते. सुपारी चघळत शिकवायचे, पण तो विषय त्यांच्याइतका कुणाला माहीत नव्हता. वर्गातल्या पाच जणींची लग्नं कुठे ठरलीत हे त्यांच्या कानावर होतं. एकदा फळ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "पोरींनो, एक ध्यानात ठेवा. दुकान कुणाचंही असो, नफा कुणाचाही असो. औषधानं कुणाचं बरंवाईट झालं तर पोलीस भिंतीवरचं नाव वाचतात. आत जाते थ्या नावाची बाई. सासरा मागून डबा घेऊन येते." वर्ग हसला. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं नाही, कारण परीक्षेला येणार नव्हतं.

आणि मी पास झाले. आठही विषयांत! आयुष्यात इतकं अवघड काही मी केलं नव्हतं, पुढेही क्वचितच केलं. बाबांनी डेपोत पेढे वाटले. मामाजी मोठा पुडा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "आता प्रशिक्षणाचं काय टेन्शन नाही. तीन महिने आपल्याच दुकानात केलं असं लिहून देतो, सही माहीच लागते. तू घरी राय, साड्याबिड्या घे."

"नाही, मामाजी. मी रोज येणार," मी म्हणाले. "शिकायचं आहे मला."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. लग्नाआधी सून दुकानात येऊन बसते, लोक काय म्हणतील, वगैरे झालं. पण दुकान पोरीचंच आहे, असं त्यांनीच चारचौघांत म्हटलेलं होतं. नाइलाजानं हो म्हणाले.

आमच्या गावाहून हिवराळा एसटीनं अर्ध्या तासावर. पहिल्या दिवशी पांढरा कोट इस्त्री करून गेले. काउंटरच्या वर, गणपतीच्या तसबिरीशेजारी खंडारेचा कागद होता आणि त्याला लागूनच एक नवी, सोनेरी काठाची, रिकामी चौकट टांगलेली होती. काच लख्ख पुसलेली. वरच्या खिळ्याला चंदनाच्या सालीचा हारही अडकवून ठेवला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"तुह्याच कागदाची तयारी," मामाजी कौतुकानं म्हणाले.

मी मान वर करून पाहिलं तर त्या रिकाम्या काचेत माझाच चेहरा दिसला, वर हार घातलेला. आमच्यात हार कोणाच्या फोटोला घालतात हे सांगायला नको. माझ्या अंगावर काटा आला, पण मी तो झटकून टाकला.

मला मागच्या बाजूला, फ्रिजजवळ खुर्ची मिळाली. त्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी दह्याचा डबा आणि चिरलेली मेथी असायची. मेथी मी पहिल्याच दिवशी बाहेर काढली, ती दुसऱ्या दिवशी परत आत. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "अंग दुखते, एक डोस द्या." मामाजी बरणीतून एक लाल, एक पिवळी, एक अर्धी पांढरी अशा गोळ्या कागदात गुंडाळून द्यायचे. ना चिठ्ठी, ना नाव. ती अर्धी पांढरी म्हणजे स्टेरॉइड, हे मी नुकतंच आठ विषयांत शिकून आले होते.

"मामाजी, ही गोळी अशी देता येत नाही," मी म्हणाले.

"मानूस उद्या बरा होऊन येते का नाही? मंग? कॉलेजातली अक्कल कॉलेजात." आणि गिऱ्हाइकाकडे वळून हसत, "सूनबाई हाय आपली. लय शिकेल हाय."

हे असं सगळीकडेच चालतं, हळूहळू मी बदलेन, असं मी स्वतःला सांगितलं. लग्न झालं की काउंटर माझं, मग बघते. माणूस किळस गिळायला शिकतो तेव्हा असंच काहीतरी म्हणत असतो.

महिना होत आला तेव्हा शेवंताबाई नावाची एक बाई आली. शेतात निंदायला जाणारी, हातात काळवंडलेली कापडी पिशवी. मी काउंटरवर एकटी होते, मामाजी बँकेत गेले होते. ती म्हणाली, "बाई, माह्या लेकीले झटके येतात. गोळ्या चालू हायेत, एक दिस चुकवत नाही, तरी हप्त्यातून दोनदा पडते. काल चुलीजवळ पडली वो."

"गोळ्या कुठून घेता?"

"इथूनच तं. पयले बरं होतं. या दोन महिन्यांत काय झालं, समजत नाही."

तिनं पिशवीतून पट्टी काढली. मी ती हातात घेतली. नाव बरोबर, मात्रा बरोबर, तारीख अजून वर्षभर पुढची. सगळं ठीक. मग सवयीनं ती पट्टी माझ्या नाकाशी गेली. आठ विषयांपैकी एकाची ती सवय. पट्टीला एक पुसट उग्र वास होता. थंडगार. ओळखीचा. तो वास नाकात आला आणि मला एकदम पाट आठवला, ओटीतला नारळ आठवला, बोटात सरकणारी अंगठी आठवली.

"जरा थांबा," मी म्हणाले आणि मागच्या खोलीकडे गेले.

त्या खोलीचं दार एरवी बंद असायचं. माल आहे, धूळ आहे, तू नको जाऊ, असं मला सांगितलेलं. दार ढकललं. खोलीभर तोच वास कोंदला होता. प्रफुल छोट्या स्टुलावर बसला होता. समोर खोक्यात शंभरेक पट्ट्या, बाजूला रिमूव्हरच्या बाटल्यांची रांग, मांडीवर कापूस. एक पट्टी बोटांत धरून तो तिच्यावरची तारीख पुसत होता, अगदी मन लावून, जीभ दातांत धरून. शेजारी शाईचा डबा आणि एक चिमुकला शिक्का.

त्यानं वर पाहिलं. दचकला नाही. फक्त ओशाळला.

"हे काय करता?"

"जुना माल हाय. कंपनी परत घेत नाही."

"प्रफुल, बाहेर एक बाई उभी आहे. तिची मुलगी चुलीजवळ पडली काल."

त्यानं कापसाचा बोळा खाली ठेवला. मग जे बोलला ते माझ्या कानातून आजही जात नाही. "मी फक्त पुसतो," तो म्हणाला. "शिक्का बाबा मारतात."

मला ओकारी आली. खरीच आली, मागच्या मोरीत जाऊन मी ओकले. सकाळचे पोहे, त्यांच्या घरच्या शेवया, साक्षगंधाचं जेवण, सगळं पोटातून वर येतंय असं वाटलं. पुसलेली एक अर्धवट पट्टी खोक्यातून उचलून मी कोटाच्या खिशात टाकली. बाहेर येऊन शेवंताबाईला म्हणाले, "मावशी, या गोळ्यांची मुदत संपली आहे. फेकून द्या. सरकारी दवाखान्यात जा, तिथे याच गोळ्या मिळतात. आजच जा." तिला तिचे पैसे परत दिले. ती गेली तेव्हा मामाजी पायरी चढत होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. शटर अर्धं खाली ओढलं, मला खुर्ची दिली, प्रफुलला चहा सांगायला पाठवलं. मग समजुतीच्या आवाजात बोलायला लागले.

"हे पाय बेटा. दूध नासते, भाजी नासते. गोळी कशी नासन? कंपन्या मुद्दाम तारखा टाकतात, आपला माल खपावा म्हणून."

"मामाजी, हे मी शिकले आहे."

"शिकली न. मंग पास झाली, आता इसर." ते हसले. "तुले पाहाले सांगितलं कोनं? देवापुढे डोळे मिटून हात जोडते न, तसे मिट. आपलं घर हाय."

"माझं नाव लागणार आहे भिंतीवर."

"म्हनूनच तं तुले सून करून रायलो," ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. मग आवाज जरा उतरवला. "आन् तुह्या प्रशिक्षणाच्या कागदावर सही कोन करते, हे बी ध्यानात घे. मी नाही केली तं आठ विषय पान्यात."

तेवढा वेळ मला राग आला नव्हता. राग यायला समोरचा माणूस माणूस वाटावा लागतो. मी पांढरा कोट काढला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले. प्रफुल चहाचे ग्लास घेऊन रस्त्यात उभा होता. "चाय?" त्यानं विचारलं.

मी अमरावतीला कॉलेजात नेऊन दिलेली ती पट्टी गुल्हाने सरांनी उजेडात धरून पाहिली आणि सुपारी थुंकून आले. तक्रार त्यांनीच लिहून पाठवली. दुकानाची तपासणीही झाली. पण मी बाहेर पडले त्याच दिवशी मागची खोली धुऊन निघाली होती. तिथे गहू भरून ठेवलेले सापडले. सरांनी ओळखीनं मला सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर प्रशिक्षणाला लावून दिलं. झालेला महिना वाया, तीन महिने पुन्हा पहिल्यापासून. त्या खिडकीवर एकदा शेवंताबाई आली. लेकीला बरोबर घेऊन आली होती. झटके कमी झाले होते. पोरीच्या दंडावर भाजल्याचा डाग होता, तो मात्र राहणार होता.

घरी मी सगळं सांगितलं होतं, आणि हे लग्न करणार नाही हेही. पट्टी, शिक्का, ती पोरगी, सगळं. आई कणीक मळता मळता ऐकत होती. बाबा म्हणाले, "धंदा म्हटला की थोडं इकडंतिकडं होतेच. लग्न झाल्यावर सुधरवली असती. अशा घरचं स्थळ मोडते कोनी?" आणि तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले.

मग नंबर आला. सकाळी पोस्टमननं पाकीट दिलं. मी आईला दाखवलं, आईनं देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. गावात अशा बातम्या पसरायला काय वेळ लागतो? तिसऱ्याच दिवशी भरदुपारी दाराशी मोटारसायकल थांबली. मामाजी आणि मागे प्रफुल. मुहूर्त नंबर आल्यावर, असं त्यांनी म्हटलेलंच होतं. शब्दाचे पक्के.

बाबांनी लगबगीनं खुर्च्या मांडल्या. आईनं पाणी आणून दिलं. माझ्या मनात धाकधूक झाली: आता हे पाया पडतील, चूक झाली म्हणतील, बाबा विरघळतील आणि मला पुन्हा पाटावर बसवतील. मी साक्षगंधाची साडी आणि अंगठी आतून आणून समोर ठेवली, म्हणजे आधीच सगळं स्पष्ट व्हावं.

मामाजींनी साडी प्रफुलच्या हातात दिली, अंगठी खिशात टाकली. पाणी पिऊन मिशा पुसल्या.

"लग्नाचं सोडा," ते बाबांना म्हणाले. "पोरीच्या मनात नाही तं जबरदस्ती कायले? पोराले पोरी भेटतीन. आमचा काही राग नाही."

बाबांचा चेहरा पडला. माझा जीव भांड्यात पडला.

"पन मी काय म्हनतो," मामाजी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "थो खंडारे आता एक दिवस थांबाले तयार नाही. पोरगी नाही देत, नका देऊ. कागद तेवढा द्या. घरी बसून महिन्याचं भाडं. तिनं दुकानाचं तोंड बी पाहू नये. झंझट नाही, संसार नाही. फ्रेम तं टांगूनच हाय."

मला पहिल्यांदा हसूच फुटेल असं वाटलं. सून नको, तिचं तोंडही नको. नुसतं भिंतीवर टांगता येईल एवढंच हवं. आठ उन्हाळी विषय, माझे गळालेले केस, ओला दुपट्टा, त्या सगळ्याचा मिळून एक कागद, आणि तो सोलून काढला की आत उरलेली मुलगी टरफलासारखी परत. प्रफुल मांडीवरच्या साडीची घडी नीट करत बसला होता.

मी बाबांकडे पाहिलं. आता ते उठतील, दार दाखवतील. काही झालं तरी बाप आहेत माझे.

बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "किती?"

तीस वर्षं एसटीत प्रवाशांना 'किती?' विचारत आलेला माणूस. सवयीनं तोंडून गेलं असेल, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला समजावलं. पटलं नाही. मामाजींची मला किळस आली होती, पण ते परके होते. या एका शब्दानं किळस माझ्या स्वतःच्या घरात येऊन, चपला काढून बसली. ती चुलीजवळ पडलेली पोरगी बाबांना माहीत होती. मीच सांगितली होती.

मी आत गेले. धाकट्या बहिणीच्या डब्यातून लाल नेलपॉलिश घेतलं. माझ्या ट्रंकेच्या कोपऱ्यात साक्षगंधाची ती रिमूव्हरची बाटली होती, तीही घेतली. बाहेर येऊन, सगळ्यांच्या समोर, जमिनीवर मांडी घालून बसले. मामाजी आकडा सांगत होते ते थांबले. मी डाव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. सावकाश, काठ सांभाळून, एकेक नख. बाहेर मोटारसायकलचं इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं तेवढंच.

दहाही झाली तेव्हा मी ती बाटली मनगटानं मामाजींच्या पायाशी सरकवली.

"ही तुमची बाटली. मला आता लागायची नाही," मी म्हणाले. "मागच्या खोलीत कामी येईल. आणि माझा कागद माझ्याबरोबर राहील. जिथे मी उभी, तिथेच तो."

मामाजींनी बाटली उचलली. खरंच उचलली हो! झाकण घट्ट आहे का पाहून खिशात टाकली.

बाबा लाजेनं किंवा रागानं लाल झाले होते. काहीतरी सावरायचं म्हणून ते मला म्हणाले, "जा, पाहुन्यांले चाय टाक."

"माझी नखं ओली आहेत," मी म्हणाले.

मग बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराच्या चौकटीत आई उभी होती. तिनं आधण आधीच ठेवलेलं होतं, पातेल्यातलं पाणी खदखदल्याचा आवाज येत होता. तिनं माझ्या नखांकडे पाहिलं, मग प्रफुलच्या मांडीवरच्या साडीकडे, मग बराच वेळ बाबांकडे.

"मग राहू द्या चहा," आई म्हणाली आणि आत जाऊन तिनं गॅस बंद केला.